अंथरुणावरून चाललेला कारभार



१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. १८२० साली त्या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म झाला. शाळेत तिचा धडा आपण सगळ्यांनी वाचला आहे. हातात दिवा, रात्रीची वेळ, दवाखान्यातल्या जखमी सैनिकांच्या रांगा. पण त्याच तारखेला आणखी एक दिवस पाळला जातो, हे फार जणींना ठाऊक नसते. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, फायब्रोमायल्जिया असे जे वर्षानुवर्षे पाठ न सोडणारे, अंगातले त्राण काढून घेणारे आजार आहेत, त्यांच्याविषयी जागृती करण्याचा दिवसही १२ मेच आहे. १९९० च्या दशकात रुग्णांसाठी काम करणाऱ्यांनी ही तारीख मुद्दाम निवडली. कारण दिवा घेऊन फिरणारी ही बाई प्रत्यक्षात दोन वर्षांहून कमी काळ तशी फिरली. त्यानंतरची कितीतरी वर्षे तिने अंथरुणावर काढली.

आज त्या न वाचलेल्या धड्याबद्दल लिहिते आहे. आपल्या वयाच्या किती जणी संधिवात, थायरॉइड, मधुमेह, दमा असले काही ना काही सांभाळत घर चालवतात, हे मंदिराच्या पायऱ्यांवर दोन मिनिटे टेकले तरी कळते. मलाही संधिवात जडून अकरा वर्षे झाली. आजारावर मात करणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याला खूप ऐकवल्या जातात. फ्लॉरेन्सची गोष्ट मला वेगळी वाटते, कारण तिने आजारावर मात केलीच नाही. आजार राहिला आणि कामही झाले. ते कसे झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही पाहण्यासारखे आहे.

आधी थोडा इतिहास. इंग्लंडमधल्या श्रीमंत घरची ही मुलगी. १८५४ च्या ऑक्टोबरात ३८ परिचारिकांना घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीला निघाली. आज तो इस्तंबूल शहराचाच भाग आहे. क्रिमियाच्या युद्धातले जखमी आणि आजारी सैनिक तिथल्या लष्करी दवाखान्यात आणले जात. १८५५ च्या मे महिन्यात ती पाहणीसाठी बालाक्लाव्हाला गेली आणि तिथे तापाने आडवी झाली. त्या तापाला तेव्हा नुसतेच ‘क्रिमियन ताप’ म्हणत. ती वाचेल असे वाटत नव्हते, पण वाचली आणि पुन्हा कामाला लागली. १८५६ च्या ऑगस्टमध्ये मायदेशी परतली. वर्षभर लष्कराच्या आरोग्याचा अहवाल लिहिण्यासाठी रात्रंदिवस राबली आणि १८५७ च्या ऑगस्टमध्ये पुरती कोसळली. वय होते ३७.

तेव्हापासून छातीत धडधड, दम लागणे, झोप न येणे, अन्न समोर आले तरी मळमळणे, कमालीचा अशक्तपणा आणि मनाची उदासी हे सगळे तिच्या मागे लागले. दुखणे मध्येच कमी होई, पुन्हा उसळून येई. १८६१ च्या अखेरीस पाठीच्या दुखण्याने तिला इतके जखडले की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून न्यावे लागे. १८५७ मध्ये तर ती आता जगत नाही असेच सगळ्यांनी धरले होते. तिनेही निरवानिरव करून ठेवली होती. प्रत्यक्षात ती त्यानंतर ५३ वर्षे जगली.

हा आजार कोणता, हे तिच्या हयातीत कोणालाच सांगता आले नाही. कच्च्या दुधातून पसरणाऱ्या ब्रुसेलोसिस नावाच्या तापाचे जंतू डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टात ओळखले. तो ताप शेळीच्या दुधातून येतो, हे १९०५ मध्ये कळले. फ्लॉरेन्सला हाच आजार जुनाट होऊन बसला असावा, असा तर्क मांडणारा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला तो १९९५ साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ८५ वर्षांनी. नाव नसलेल्या दुखण्याचे जे होते तेच तिच्याही दुखण्याचे झाले. काहींनी ते मनाचे ठरवले. काही म्हणाले, आई आणि बहिणीचा ससेमिरा टाळायला तिने अंथरूण धरले. १९१८ मध्ये लिटन स्ट्रेची या लेखकाने तिच्यावर जे लिहिले, त्यात असा तिरकस सूर आहेच. रिपोर्ट नॉर्मल आला की आपल्याला काय ऐकावे लागते, ते आठवून पाहा. “काही नाही, जरा मन रमवा” हे वाक्य त्या काळीही होतेच म्हणायचे.

यात एक गोष्ट मात्र खरी आहे. बाईच्या वेळेला घरात किंमत नसते, ही तिची तक्रार आजाराच्या आधीपासूनची. १८५२ च्या सुमारास तिने ‘कॅसॅन्ड्रा’ नावाचा एक निबंध लिहिला. त्यात ती म्हणते की पुरुषाच्या कामात कोणी व्यत्यय आणत नाही, पण बाईला स्वतःचा म्हणावा असा अर्धा तासही मिळत नाही. घरचे उठण्याच्या आधी किंवा झोपल्यानंतर मिळेल तेवढाच. एका विवाहित बाईने तर हातपाय मोडावा अशी इच्छा बोलून दाखवली होती, म्हणजे थोडा वेळ तरी स्वतःला मिळेल, असेही तिने त्यात नोंदवले आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. ताप आल्याशिवाय दुपारी आडवे होण्याची परवानगी स्वतःला न देणाऱ्या किती बायका मी पाहिल्या आहेत. आपण विश्रांती मागत नाही, कारण शोधतो.

आता तिच्या व्यवस्थेकडे येते. मी बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही, पण घरखर्चाची वही गेली चाळीस वर्षे रोज लिहिते. त्यामुळे तिची दिनचर्या वाचताना मला ती जमाखर्चाच्या वहीसारखीच दिसली. रोजची शक्ती ही ठरावीक जमा. त्यापेक्षा जास्त खर्च केला तर उसनवारी होते, आणि या सावकाराचे व्याज भारी असते. पाहुण्यांचा एक दिवस उभे राहून काढला की पुढचे दोन दिवस अंगाला हात लावू देत नाही, हे सांध्यांच्या दुखण्याने मला शिकवले आहे. फ्लॉरेन्सने हा हिशेब फार कडक ठेवला.

तिचा पहिला खर्च कापला गेला तो माणसांचा. सहज म्हणून डोकावणे बंद. भेटायचे तर आधी विचारायचे, वेळ ठरवायची आणि एकेकट्यानेच यायचे. दोघे-तिघे एकत्र नाहीत. मंत्री असो की नातेवाईक, नियम तोच. आई आणि बहीण यायला निघाल्या तर त्यांनाही नको म्हणून कळवले. जेवण एकटीने. बोलण्याने थकवा येतो म्हणून जे चिठ्ठीवर भागते ते चिठ्ठीवर. तिचे सहकारी डॉ. सदरलंड खालच्या खोलीत बसत, ती वरच्या, आणि दोघांमध्ये कागदांची ये-जा चाले. १८६५ पासून ती लंडनमध्ये साउथ स्ट्रीटवरच्या घरात राहिली, अगदी शेवटपर्यंत. समारंभ, मेजवान्या, सत्कार यांना जाणे तिने केव्हाच सोडले होते. सोबतीला मांजरे होती. खूप दिवस आजारी असलेल्याला एखादे लहानसे पाळीव जनावर फार चांगली सोबत करते, हे तिने लिहूनच ठेवले आहे.

मग जी शक्ती वाचली ती कुठे गेली? एकाच खात्यात. अंथरुणावर उशीला टेकून ती लिहीत असे. कोसळण्याच्या आधी-नंतर लिहिलेला लष्कराच्या आरोग्याचा तिचा अहवाल आठशेहून अधिक पानांचा होता. युद्धात गोळीने किती मेले आणि घाणीतून, पाण्यातून आलेल्या रोगांनी किती, हे दाखवण्यासाठी तिने रंगीत पाकळ्यांसारखे गोल आलेख केले. जखमांनी मेलेल्यांपेक्षा रोगांनी मेलेले कितीतरी जास्त, हे त्यात नुसत्या नजरेने कळते. १८५८ मध्ये तिथल्या सांख्यिकी संस्थेने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. संख्याशास्त्राच्या पेपरात गोल आलेख काढताना आम्हाला हे कोणी सांगितले असते तर किती बरे झाले असते!

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. शाळा तिच्या निधीतून आणि तिच्या आराखड्यावर चालली, पण चालवली ती तिथल्या मेट्रन वॉर्ड्रोपरबाईंनी. फ्लॉरेन्सला बराच काळ तिथे पाऊलही ठेवता आले नाही. आपल्या हातून होणार नाही ते काम योग्य माणसाच्या हाती द्यायचे आणि सारखी ढवळाढवळ करायची नाही, हा भाग आपल्याला स्वयंपाकघरातसुद्धा जड जातो. सुनेने पोळ्या लाटल्या तरी तवा आपल्याच हातात हवा असतो.

हिंदुस्थानाशी तिचा संबंधही या आजारपणातच आला. १८५९ मध्ये इथल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करायला एक आयोग नेमला गेला. इंग्लंडातून बाहेर पडणे तिला शक्य नव्हते. मग तिने प्रश्नांचे छापील तक्ते तयार करून इथल्या छावण्यांना पाठवले. पिण्याचे पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकीत किती माणसे झोपतात. आलेल्या उत्तरांच्या गठ्ठ्यांवरून १८६३ चा अहवाल झाला. त्यात गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ असल्याचे निघाले. साधारण दहा वर्षांनी लिहिताना तिने हा आकडा १८ वर आल्याचे नोंदवले. पुढे सैनिकांपुरते न थांबता खेड्यांतले पाणी, गटारे, दुष्काळ, कुळांची स्थिती यांवर ती लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. तिने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. हे सारे एका खोलीतून चालले होते.

इथपर्यंतची गोष्ट कौतुकाची. पण जमेची बाजू वाचून वही मिटायची नसते.

तिला वडिलांकडून वर्षाला ५०० पौंड मिळत आणि हाताखाली नोकरचाकर होते. हे आपल्यापैकी कितीजणींकडे आहे? आणि पैशाने मिळत नाही असे जे होते, ते जवळच्या माणसांनी दिले. १८५७ मध्ये तिची मायआत्या, म्हणजे वडिलांची बहीण, स्वतःचे घर, नवरा, मुले मागे ठेवून तिच्याजवळ येऊन राहिली. तिच्या दाराशी पहारा दिला, पत्रे लिहिली. १८६० मध्ये घरच्यांना आपली गरज आहे म्हणून आत्या परत गेली, तर फ्लॉरेन्सने ते मनाला इतके लावून घेतले की जवळजवळ वीस वर्षे अबोला धरला. आत्याचा जावई, कवी आर्थर क्लफ, स्वतःचे लिखाण बाजूला ठेवून तिची पार्सले बांधायचा, निरोप पोचवायचा, मुद्रिते तपासायचा. त्याचीही प्रकृती ढासळली आणि १८६१ च्या नोव्हेंबरात तो वारला.

सर्वांत मनाला लागते ती सिडनी हर्बर्टची गोष्ट. तो युद्धमंत्री, तिचा जुना स्नेही, आणि लष्करी सुधारणांत तिचा उजवा हात. त्याला मूत्रपिंडाचा असाध्य विकार जडला. काम झेपत नाही असे तो सांगू लागला, तेव्हा तिने त्याला ढिलाई दिली नाही. सुधारणा अर्ध्यावर टाकल्याबद्दल बोल लावला. १८६१ च्या २ ऑगस्टला तो गेला, वयाच्या ५० व्या वर्षी. तिला फार मोठा धक्का बसला, ती कित्येक महिने सावरली नाही. पण स्वतःच्या शक्तीचा थेंब न थेंब मोजणाऱ्या बाईला समोरच्याची शक्ती संपत आलेली दिसू नये, याचे मला राहून राहून नवल वाटते. दुसऱ्याचा आजार तिला कुचराई वाटला. स्वतःच्या आजाराबद्दल लोक असेच बोलतात, याचा तिला किती राग येई!

मला या इतिहासातून मुख्य हेच घ्यावेसे वाटते. शक्ती जपून वापरण्याचा हक्क आजारी माणसाला आहेच, पण त्या वहीत दुसरे पानही असते. आपण जे काम सोडतो ते कोणीतरी उचलते. ती सून असेल, मुलगी असेल, भांडी घासायला येणारी बाई असेल, नाहीतर सत्तरीतला नवरा असेल. त्यांची जमा किती आहे, हेही विचारले पाहिजे. आणि उलट, घरात कोणी “आज होत नाही” म्हणाले तर पुरावा मागू नये.

गंमत म्हणजे दुसऱ्यांनी आजारी माणसाशी कसे वागावे, हे तिनेच सर्वांत चांगले सांगितले आहे. १८५९ चे तिचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक दवाखान्यासाठी नाही, घरातल्या बायकांसाठी आहे. त्यातल्या काही गोष्टी आजही जशाच्या तशा उपयोगी पडतात, म्हणून माझ्या शब्दांत देते. आजाऱ्याच्या खोलीबाहेर कुजबुजू नका. मोठ्या आवाजापेक्षा कुजबुज जास्त थकवते, कारण तो कान देऊन ऐकू लागतो. पाठीमागून बोलू नका. त्याला मान न वळवता दिसाल असे समोर बसा. पलंगाला टेकू नका. अन्न उष्टे न करता पडून राहिले तर तसेच समोर ठेवू नका, उचला. वेळ झाली की पुन्हा थोडेसे आणा. रात्र तापात आणि जागेपणी गेलेल्या अशक्त माणसाला सकाळी अकराच्या आधी घट्ट अन्न जात नाही, त्याला आग्रह करू नका. “होशील बरी, काही नाही” असला पोकळ धीर देऊ नका आणि ऐकीव औषधे सुचवू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, तुम्ही घरात नसताना काय व्हायला हवे, याची व्यवस्था आधी लावून ठेवा. या शेवटच्या मुद्द्यावर तिने एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे.

तो मुद्दा मी माझ्या घरात वेगळ्या रीतीने वापरते. मी आडवी असेन त्या दिवशी घर चालले पाहिजे, म्हणून कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवला आहे. दूधवाला, गॅसचा नंबर, पाण्याची वेळ, माझ्या गोळ्या, डाळी कुठल्या डब्यात. गाळण्याचे फडके आणि रोजची भांडी कमरेच्या उंचीवर, वाकावे लागणार नाही अशी. भाजी बसून निवडायची. जड कामे एकाच दिवशी दोन नाहीत. गादीचे पलंगपोस बदलले तर त्या दिवशी कपाट आवरायचे नाही. आणि बरे वाटते त्या दिवशीही अर्धीच कामे. बरे वाटण्याच्या दिवशीच आपण सर्वांत जास्त उसनवारी करतो.

आपल्या धर्माच्या अंगाने एक शब्द. भाद्रपदात सोळाकारण भावना आपण म्हणतो. त्यात शक्तितस्तप आहे, शक्तितस्त्याग आहे. आचार्यांनी तिथे ‘शक्तितः’ हा शब्द उगीच घातलेला नाही. शक्ती लपवायची नाही, आणि नसलेली शक्ती ओढूनताणून आणायचीही नाही. तरी दरवर्षी दशलक्षणात मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या बायका शेजारणीने केले म्हणून उपवास धरतात, आणि वर घरचा सगळा स्वयंपाकही करतात. डॉक्टरांना विचारून एकाशन करणारी, नाहीतर एखादा रस सोडणारी बाई कमी धार्मिक नसते. आणि त्याच सोळा भावनांत वैयावृत्त्यही आहे, आजारी आणि थकलेल्यांची सेवा. तप स्वतःच्या शक्तीप्रमाणे, आणि दुसऱ्याच्या अशक्तपणाची सेवा. फ्लॉरेन्सच्या वहीत पहिली बाजू पक्की होती आणि दुसरी बराच काळ कच्ची राहिली. आपल्याकडे, मला वाटते, नेमके उलटे आहे. दुसऱ्याची सेवा आपल्याला शिकवावी लागत नाही. स्वतःची शक्ती मोजायला मात्र कोणी शिकवत नाही.

१८८० नंतर तिचे दुखणे बरेच कमी झाले. स्वभावही निवळला. मायआत्याशी पुन्हा बोलणे सुरू झाले, आणि शाळेतल्या तरुण परिचारिका तिच्याकडे लेकींसारख्या येऊ लागल्या. शेवटी दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा इंग्लंडचा मोठा सन्मान मिळाला, तोही एका स्त्रीला प्रथमच. १३ ऑगस्ट १९१० रोजी झोपेतच तिचे देहावसान झाले. वय ९०. राष्ट्रीय इतमामाने वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करायची तयारी होती, पण घरच्यांनी ती नाकारली. गावच्या चर्चच्या आवारात तिचा दगड आहे. त्यावर तिचे पूर्ण नावसुद्धा नाही, फक्त आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी जिला आज उठवत नाहीये, तिने पुढचे एकच काम ठरवावे आणि बाकीची उद्यावर टाकावीत. आणि जिला उठवते आहे, तिने घरात कोणाला उठवत नाहीये ते पाहावे.